अलास्का विद्यापीठ, फेअरबँक्स : सेवा उत्तम, मात्र तिच्यामागचा पैसा तपासून घ्यावा

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठात भूभौतिकशास्त्रातील पीएच.डी.साठी तिने अर्ज केला आहे, तिथल्या एका प्राध्यापकांशी तिचे दोनदा बोलणेही झाले आहे. मात्र ज्या सल्लागाराकडे तिने भरपूर शुल्क भरले, त्याने तिला विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, हिवाळ्यातले उणे चाळीस तापमान आणि व्हिसाची कागदपत्रे यांपलीकडे काहीही सांगितलेले नाही. ‘मावशी, तू तिथेच राहतेस, तेव्हा तूच सांग, घेऊ का प्रवेश?’ असे तिने विचारले. फोनवर मी जे तुटक उत्तर दिले त्याने माझेच समाधान झाले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. मी या विद्यापीठाची विद्यार्थिनी नाही आणि कर्मचारीही नाही. पतीच्या नोकरीमुळे २०१७ साली आम्ही फेअरबँक्सला आलो आणि तेव्हापासून गावातली एक रहिवासी म्हणून या विद्यापीठाच्या जेवढ्या सेवा वापरता येतील तेवढ्या मी वापरत आले आहे. हे परीक्षण सेवा घेणाऱ्या माणसाचे आहे. त्यातला मोठा भाग मी २०१९ च्या उन्हाळ्याला देणार आहे, कारण ही सेवा कोणाच्या पैशावर उभी आहे आणि तो पैसा किती सहज काढून घेता येतो, हे त्या उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांना पाहायला मिळाले.

सुरुवात कोथिंबिरीपासून करते. इथे आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी घरामागे कोथिंबीर आणि पालक पेरला. दोन्ही छान उगवले आणि जुडी खुडण्याइतके वाढायच्या आधीच फुलावर आले. जूनमध्ये फेअरबँक्सला जवळपास बावीस तास सूर्य असतो, आणि एवढ्या लांब दिवसात पालकासारखी पिके पाने धरण्याऐवजी बियांच्या मागे लागतात, हे मला विद्यापीठाच्या विस्तार सेवेने सांगितले. वाफ्यावर दिवसातून काही तास सावली कशी धरायची, उशिरा फुलणारी वाणे कोणती, एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी थोडे थोडे का पेरावे, हे सगळे तिथल्या बाईंनी एका अनोळखी परदेशी स्त्रीला अर्धा तास बसवून समजावले, आणि त्याचा एक पैसा घेतला नाही. माझे माहेर नगर जिल्ह्यातले आहे. वडील राहुरीच्या कृषी विद्यापीठातून ‘फुले’ नावाची वाणे आणत आणि पिकावर काही दिसले की तिथल्या शास्त्रज्ञांना विचारत. १९६८ साली स्थापन झालेले राहुरीचे विद्यापीठ आणि फेअरबँक्सचे हे विद्यापीठ यांचे मूळ एकच आहे. अमेरिकेत सरकारी जमिनीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या ‘लँड-ग्रँट’ विद्यापीठांनी शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकत्र करण्याचा जो पायंडा पाडला, त्याच धर्तीवर भारतातली कृषी विद्यापीठे उभी राहिली. त्यामुळे त्या खोलीत बसल्यावर मला परक्या देशात असल्यासारखे वाटले नाही.

विद्यापीठाच्या इमारतीची कोनशिला १९१५ साली बसली, अलास्का कृषी महाविद्यालय आणि खाणकाम विद्यालय म्हणून त्याला १९१७ साली कायदेशीर रूप मिळाले, आणि १९२२ साली वर्ग सुरू झाले तेव्हा तिथे सहा विद्यार्थी आणि सहा शिक्षक होते. अलास्का त्या वेळी राज्यही नव्हते, ते राज्य झाले १९५९ साली. म्हणजे इथे विद्यापीठ आधी आले आणि राज्य नंतर आले, आणि हा क्रम इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून अभिमानाने येतो.

पाहुण्यांना मी सर्वात आधी विद्यापीठाच्या ‘म्युझियम ऑफ द नॉर्थ’मध्ये नेते. तिथे ‘ब्लू बेब’ नावाचा हजारो वर्षांपूर्वीचा, हिमयुगातला रानगवा आहे. १९७९ साली फेअरबँक्सजवळ सोन्याच्या खाणीत गोठलेल्या मातीतून तो बाहेर आला, आणि त्याच्या कातडीवर सिंहाच्या नखांचे आणि दातांचे व्रण अजून दिसतात. मातीतल्या खनिजांमुळे त्याच्या अंगावर निळसर झाक चढली, म्हणून हे नाव पडले. माझ्या सासूबाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि शेवटी एवढेच म्हणाल्या, की एवढी वर्षे याला कोणी सांभाळले. आधी बर्फाने सांभाळले आणि आता विद्यापीठ सांभाळते, असे मी त्यांना सांगितले.

ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी आता महाराष्ट्रातूनही पर्यटक फेअरबँक्सला येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या मोबाइलवर प्रकाश दिसण्याचा जो अंदाज उघडलेला असतो, तो याच विद्यापीठाची भूभौतिक संस्था देत असते. अमेरिकी काँग्रेसच्या १९४६ च्या कायद्याने ही संस्था स्थापन झाली. शहराच्या ईशान्येला चाटानिका भागात विद्यापीठाच्या मालकीचे पोकर फ्लॅट हे अग्निबाण प्रक्षेपण केंद्र आहे, तिथून सोडलेले अग्निबाण थेट त्या प्रकाशाच्या पट्ट्यात जाऊन मोजमाप करतात. राज्यभरच्या भूकंपांची नोंद ठेवणारे केंद्रही याच संस्थेत आहे. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी अँकरेजला ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला, रस्ते खचले, तेव्हा त्यानंतरच्या हजारो लहानमोठ्या हादऱ्यांची माहिती लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम याच केंद्राने केले. भाचीला ज्या विषयात काम करायचे आहे त्यासाठी पृथ्वीवर यापेक्षा योग्य जागा फारशा नसतील. ज्वालामुखी, हिमनद्या, गोठलेली जमीन, भूकंप आणि ध्रुवीय प्रकाश हे सगळे इथे प्रयोगशाळेच्या दाराशी आहे. इथवरच्या सेवेला मी कोणत्याही अटीशिवाय पूर्ण गुण देते.

आता पैशाकडे येते.

महाराष्ट्रातल्या पालकाला ‘अनुदानित’ आणि ‘विनाअनुदानित’ या दोन शब्दांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. मुलाला प्रवेश घेताना आपण तो पहिल्यांदा विचारतो. पण तेच पालक मुलीला अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात पाठवताना हा प्रश्न विचारत नाहीत, कारण ‘स्टेट युनिव्हर्सिटी’ म्हटले की मागे सरकार उभे आहे, असे आपण गृहीत धरतो. इथे प्रत्येक राज्य आपल्या विद्यापीठाला किती पैसे द्यायचे ते दर एक-दोन वर्षांनी नव्याने ठरवते, अलास्का दरवर्षी ठरवतो. अलास्का विद्यापीठ ही फेअरबँक्स, अँकरेज आणि आग्नेय अलास्का अशा तीन विद्यापीठांची आणि रस्ता न पोहोचणाऱ्या बेथेल, नोम, कोटझेब्यू यांसारख्या गावांतल्या लहान केंद्रांची मिळून एक व्यवस्था आहे. २०१९ च्या जूनअखेर संपलेल्या आर्थिक वर्षात तिला राज्याच्या सर्वसाधारण निधीतून सुमारे ३२ कोटी ७० लाख डॉलर मिळाले होते. त्याआधीही काही वर्षे हा आकडा खाली येत होता, कारण २०१४ नंतर खनिज तेलाचे भाव कोसळले आणि अलास्काचा खजिना मुख्यतः तेलावर चालतो. प्रुडो बेहून दक्षिणेकडे येणारी तेलवाहिनी १९७७ साली सुरू झाली, १९८८ च्या सुमारास तिच्यातून दिवसाला वीस लाख पिंपे तेल वाहत होते, आणि २०१९ पर्यंत ते प्रमाण जेमतेम पाच लाखांवर आले होते. तेलाच्या भरभराटीत, १९८० साली, राज्याने स्वतःचा प्राप्तिकर रद्द केला आणि तो पुन्हा कधीच लावला नाही. राज्यव्यापी विक्रीकरही इथे नाही. उत्पन्नाचा एकच झरा, आणि तोही आटत चाललेला, अशी ही स्थिती होती.

या गणितात आणखी एक गोष्ट आहे, जी इतर कोणत्याही राज्यात नाही. तेलाच्या उत्पन्नाचा काही भाग बाजूला ठेवून १९७६ साली अलास्काने एक कायम निधी उभारला आणि १९८२ पासून त्याच्या कमाईतून प्रत्येक पात्र रहिवाशाला, तान्ह्या बाळालासुद्धा, दरवर्षी लाभांश दिला जातो. मूळ कल्पना मला आजही उदात्त वाटते. जमिनीखालची संपत्ती सगळ्यांची आहे, तर तिच्यातला वाटा प्रत्येकाच्या हातात पडावा, हे म्हणणे चुकीचे कसे म्हणता येईल? पण तेलाचे पैसे कमी झाल्यावर २०१६ साली तेव्हाच्या गव्हर्नरांनी (इथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभारी असतो) लाभांश जवळपास निम्म्यावर आणला आणि लोकांच्या मनात ती गोष्ट सलत राहिली. २०१८ च्या निवडणुकीत माइक डनलीव्ही यांनी पूर्ण लाभांश, म्हणजे माणशी सुमारे तीन हजार डॉलर, देण्याचे वचन दिले आणि ते निवडून आले. नवा कर लावायचा नाही, लाभांश पूर्ण द्यायचा आणि तूटही भरून काढायची, या तीन गोष्टी एकत्र करायच्या म्हटल्यावर खर्चावर कुऱ्हाड चालणार हे उघड होते. ती विद्यापीठावर सर्वात जोरात चालली.

२८ जून २०१९ रोजी गव्हर्नरांनी अंदाजपत्रकातल्या १८२ बाबींवर नकाराधिकार वापरला आणि एकूण ४४ कोटी ४० लाख डॉलरची तरतूद काढून टाकली. त्यातले १३ कोटी डॉलर एकट्या विद्यापीठाचे होते. विधिमंडळाने आधीच ५० लाखांची कपात केली होती, ती धरून विद्यापीठाच्या राज्य निधीतला ४१ टक्के भाग गेला. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. म्हणजे एवढी मोठी संस्था चालवणाऱ्यांना आपल्या वर्षाच्या राज्य अनुदानातला जवळपास अर्धा वाटा उरला नाही, हे वर्ष सुरू व्हायच्या तीन दिवस आधी कळले. प्राध्यापकांचे करार झालेले, विद्यार्थ्यांना प्रवेश दिलेले, वसतिगृहाच्या खोल्या वाटलेल्या, आणि ऑगस्टअखेर वर्ग सुरू व्हायचे होते.

त्या दिवसांत फेअरबँक्सवर धूर होता. शहराच्या वायव्येला वणवा पेटला होता, खिडक्या लावून घरात बसावे लागे, आणि बाहेर पडले की घसा धरायचा. दुकानात, टपाल कचेरीत, ग्रंथालयात, जिथे जावे तिथे विद्यापीठाचाच विषय निघे. या शहरात विद्यापीठ आणि सैन्याचे तळ हेच मोठे पोशिंदे आहेत. आमच्या गल्लीतल्या सात घरांपैकी तीन घरांचा पगार कोणत्या ना कोणत्या वाटेने विद्यापीठातून येत होता. समोरच्या घरातले गृहस्थ प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. त्यांनी अंगणातल्या शेडचे अर्धे झालेले काम तसेच थांबवले आणि लाकडे ताडपत्रीखाली झाकून ठेवली. नोकरी राहील की नाही हे कळेपर्यंत छप्पर कशाला घालायचे, असे ते म्हणाले. कपात या शब्दाचा अर्थ मला त्या ताडपत्रीकडे पाहून जेवढा कळला तेवढा वर्तमानपत्रातल्या आकड्यांनी कळला नाही.

नकाराधिकार फिरवण्यासाठी अलास्कात साठपैकी ४५ आमदारांची मते लागतात. ही अट अमेरिकेतल्या सर्वात कडक अटींपैकी आहे. गव्हर्नरांनी विशेष अधिवेशन आपल्या वसिला गावी बोलावले होते, बहुसंख्य आमदार राजधानी जूनोमध्येच जमले, आणि सुमारे एकतृतीयांश आमदार वसिलाच्या एका शाळेत बसले. १० जुलैला जूनोत मतदान झाले तेव्हा ३७ मते नकाराधिकाराच्या विरोधात पडली, एक बाजूने पडले, आणि ४५ चा आकडा गाठताच आला नाही, कारण उरलेले आमदार त्या सभागृहात नव्हतेच. याच सुमारास निधीच्या एका तांत्रिक वादात राज्याच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीचे पैसेही अडकले आणि हजारो विद्यार्थ्यांना आपली शिष्यवृत्ती मिळेल की नाही याची वाट पाहावी लागली. ती पुढे महिन्याभराने सुटली, पण ऑगस्टच्या तोंडावर अठरा वर्षांच्या मुलाला महिनाभर अधांतरी ठेवले तर तो दुसऱ्या राज्यात प्रवेश घेऊन मोकळा होतो, आणि पुष्कळांनी तसे केलेही.

१७ जुलैला मूडीज या पतमापन संस्थेने विद्यापीठाचे मानांकन तीन पायऱ्या खाली आणले. महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या वायव्य विभागाच्या आयोगाने राज्यकर्त्यांना पत्र पाठवून या कपातीने विद्यापीठाची मान्यताही धोक्यात येऊ शकते असे कळवले. आणि २२ जुलैला रीजंट्स मंडळाने, म्हणजे आपल्याकडच्या व्यवस्थापन परिषदेसारख्या सर्वोच्च मंडळाने, दहा विरुद्ध एक मतांनी आर्थिक आणीबाणी जाहीर केली. ही केवळ जोराची भाषा नव्हती. अमेरिकेत कायम सेवेतल्या प्राध्यापकाला सहज काढता येत नाही, कारण त्याला मोकळेपणाने संशोधन करता यावे म्हणून ते संरक्षण दिलेले असते. आर्थिक आणीबाणी जाहीर झाली की ते संरक्षण बाजूला ठेवून, कमी मुदतीच्या सूचनेवर, विभागच्या विभाग बंद करता येतात. एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठाने हे पाऊल उचलण्याचे प्रसंग फारच थोडे आहेत.

गव्हर्नरांची बाजूही सांगायला हवी. त्यांनी स्वतः फेअरबँक्सच्याच विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आहे आणि ते पूर्वी शिक्षक होते, तेव्हा त्यांना शिक्षणाचे मोल कळत नाही असे मी म्हणणार नाही. इतर राज्यांच्या तुलनेत अलास्का दर विद्यार्थ्यामागे फार जास्त खर्च करतो, असे त्यांच्या प्रशासनाचे म्हणणे होते. साडेसात लाखांहून कमी वस्तीच्या राज्यात तीन स्वतंत्र विद्यापीठे, तीन कुलगुरू, सारखेच अभ्यासक्रम, आणि वर्षानुवर्षे घटणारी विद्यार्थीसंख्या, हे सगळे खरे होते आणि सुधारणेची गरज विद्यापीठाचे लोकही खासगीत मान्य करत. पण जिथे विमानाशिवाय पोहोचता येत नाही अशा गावात परिचारिकेचा किंवा शिक्षकाचा वर्ग चालवायचा तर दर विद्यार्थ्यामागचा खर्च दाट वस्तीच्या राज्यासारखा राहणार कसा? आणि ज्या सुधारणेला पाच वर्षे लागतात ती तीन दिवसांत होत नाही. तीन दिवसांत फक्त माणसे काढता येतात.

एक साधा हिशेब मी त्या जुलैमध्ये वहीत केला होता. लाभांश घेणारे लोक सहा लाखांहून अधिक आहेत. १३ कोटी डॉलर त्यांच्यात वाटले तर माणशी सुमारे दोनशे डॉलर येतात. म्हणजे तीन हजारांच्या अपेक्षित लाभांशातून प्रत्येकाने दोनशे डॉलर सोडले असते, तर विद्यापीठाची ती सगळी कपात टळली असती. त्या वर्षी प्रत्यक्षात लाभांश १,६०६ डॉलरच मिळाला. विद्यापीठाला एवढे हादरवूनही लोकांना पूर्ण वाटा मिळाला नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून आमच्या घरातही तो लाभांश येतो आणि चौघांचा मिळून तो लहान आकडा नसतो. तरीही मला मतदानाचा हक्क असता तर मी तो कमी करण्याच्या बाजूने मत दिले असते, आणि हे मी आमच्या शेजाऱ्यांना तेव्हाही स्पष्ट सांगितले होते. आमची मैत्री त्यातून तरली, याचे मला समाधान आहे.

लोकांचा रेटा वाढला, गव्हर्नरांना परत बोलावण्याची मोहीम सुरू झाली, आणि १३ ऑगस्टला गव्हर्नर आणि रीजंट्सचे अध्यक्ष जॉन डेव्हीस यांनी एका करारावर सह्या केल्या. डेव्हीस स्वतः भूकंपशास्त्रज्ञ, फेअरबँक्सचेच. एका वर्षातल्या साडेतेरा कोटींऐवजी तीन वर्षांत मिळून सात कोटी डॉलरची कपात करायची, पहिल्या वर्षी अडीच कोटींची, असे ठरले, आणि आठवड्याभरात आर्थिक आणीबाणी मागे घेण्यात आली. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी इथे बातमी संपवली. वास्तविक सात कोटी म्हणजे ३२ कोटी ७० लाखांतला पाचवा हिस्सा, आणि तो जाण्याची वर्षे आता कुठे सुरू झाली होती. मधेच २०२० साली साथ आली. त्याच जूनमध्ये रीजंट्सनी तिन्ही विद्यापीठांतले कित्येक अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला, त्यात अँकरेजची समाजशास्त्राची पदवीही होती. अँकरेजच्या आइस हॉकी संघावरही गदा आली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तीस लाख डॉलर उभे केले आणि संघ वाचवला. त्या लोकांचे मला कौतुक आहे, पण समाजशास्त्रासाठी अशी वर्गणी कोणी काढत नाही. ज्या विषयाला प्रेक्षक नसतात, त्याला सरकारी तरतूद हाच एक आधार असतो.

आणि ज्या गोष्टी यादीत येत नाहीत त्या निराळ्याच. चांगला संशोधक विभाग बंद होण्याची वाट पाहत बसत नाही. त्याला दुसऱ्या विद्यापीठाचे पत्र आले की तो जातो, आणि जाताना त्याचे केंद्र सरकारी संशोधन अनुदानही बहुधा त्याच्यासोबत जाते. त्या अनुदानावर पगार घेणारा तंत्रज्ञ आणि त्यावर शिकणारी विद्यार्थिनी यांनाही मग आपली वाट बदलावी लागते. राज्याने वाचवलेल्या एका डॉलरमागे राज्याबाहेरून येणारे किती डॉलर गेले, हे कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. समोरच्या घरातले तंत्रज्ञ २०२० च्या मेमध्ये कुटुंबासह मिनेसोटाला गेले. शेडचे छप्पर त्यांनी जाण्याआधी पूर्ण केले, म्हणजे घर विकले जाईल.

पुढची हकीकत तुलनेने बरी आहे. २०२० च्या उन्हाळ्यात विद्यापीठाचे अध्यक्ष जिम जॉन्सन पायउतार झाले आणि त्यांच्या जागी पॅट पिटनी आल्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी नेमबाजीत सुवर्णपदक मिळवले होते, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्या आधी याच विद्यापीठाच्या प्रशासनात होत्या आणि नंतर राज्याच्या अंदाजपत्रक विभागाच्या प्रमुखही होत्या. पैसे मागणारा आणि पैसे देणारा अशा दोन्ही बाजू त्यांना ठाऊक होत्या. कराराची तीन वर्षे संपल्यावर राज्याच्या तरतुदीत थोडी वाढही झाली. मात्र तेलाचा भाव, लाभांशाची मागणी आणि कर न लावण्याचा हट्ट, ही तिन्ही कारणे होती तशीच आहेत. गव्हर्नर कोणत्याही पक्षाचा असो, दर वसंत ऋतूत जूनोमध्ये तीच ओढाताण पुन्हा होते आणि फेअरबँक्समधले लोक श्वास रोखून बसतात.

या सगळ्यातून सेवा घेणाऱ्याला काय दिसते, तेही प्रामाणिकपणे लिहिते. वरवर पाहता फार काही दिसत नाही. संग्रहालय उघडे आहे, ध्रुवीय प्रकाशाचा अंदाज येतो, ग्रंथालयात उणे चाळीसमध्येही उबदार कोपरा मिळतो, आणि माझ्या मातीच्या नमुन्याला आजही उत्तर येते. तिथे काम करणारी माणसे पूर्वीइतकीच आस्थेने बोलतात, फक्त एकेका माणसाकडे आता दोघांचे काम आहे हे त्यांच्या टेबलाकडे पाहून कळते. मी तक्रार म्हणून हे लिहीत नाही. इतक्या अनिश्चिततेत त्यांनी सेवेचा दर्जा राखला, यासाठी मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

म्हणून भाचीला माझे उत्तर ‘घे’ असेच आहे, पण पत्रावर सही करण्याआधी तिने काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. तिला मिळणारी असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातल्या कामाच्या मोबदल्यात मिळणारी आर्थिक मदत, शिकवण्याच्या कामाची आहे की संशोधनाच्या, हे आधी विचारावे. शिकवण्याची असेल तर तिचा पैसा बहुधा विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे काही अंशी राज्याच्या तरतुदीतून येतो. संशोधनाची असेल तर तो तिच्या मार्गदर्शकांच्या अनुदानातून येतो, आणि मग त्या अनुदानाची किती वर्षे शिल्लक आहेत ते विचारण्यात संकोच करू नये. इथे असा प्रश्न उद्धट मानत नाहीत. मार्गदर्शक दुसरीकडे गेले तर तिला विभागात दुसरे कोण घेऊ शकेल, हेही विचारावे. एका विषयात एकच प्राध्यापक उरलेला असेल तर तिथे पाच वर्षांचा जुगार खेळू नये. विभागातल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे, आणि २०१९ नंतर किती प्राध्यापक गेले व त्यांच्या जागी किती आले ते त्यांच्याकडून काढून घ्यावे. अभ्यासक्रम बंद झालाच तर आत असलेल्या विद्यार्थ्यांना पदवी पूर्ण करू देण्याची मान्यताप्राप्त विद्यापीठांवर जबाबदारी असते, पण पदवी पूर्ण करू देणे आणि नीट मार्गदर्शन मिळणे यांत अंतर आहे. राहिला राज्याच्या अंदाजपत्रकाचा भाग. ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत मांडले जाते, वसंत ऋतूत त्यावर मतदान होते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गव्हर्नरांची सही होते. ही तिन्ही वेळापत्रके सर्वांना खुली असतात आणि तिच्या प्रवेशाच्या तारखा नेमक्या त्यांच्यामध्येच पडतात, तेव्हा पत्राला उत्तर देण्याआधी त्या वर्षीचा प्रस्तावित आकडा पाहणे तिला सहज शक्य आहे.

कालच तिने मार्गदर्शकांना पहिला प्रश्न ईमेलने पाठवला आणि त्यांचे उत्तर चार तासांत आले. अनुदान केंद्र सरकारच्या संस्थेचे आहे, त्याची तीन वर्षे शिल्लक आहेत, आणि चौथ्या-पाचव्या वर्षासाठी नवा अर्ज त्यांनी पाठवला आहे, मात्र त्याची खात्री ते देऊ शकत नाहीत, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. मला ते उत्तर आवडले. जाड लोकरीचे मोजे मी इथूनच घेऊन ठेवीन, कोथिंबिरीचे बी मात्र तिने नगरहून आणावे असे मी तिला सांगितले आहे.